आमची वाटचाल: पट्टी वाचायची नाही, फेरे मोजायचे

वडिलांनी १९९४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकचे पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा) बसवायचं काम सुरू केलं. उसाचा हंगाम लागला की गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असायच्या. पाटे सोडवले की मागचं हौसिंग, म्हणजे एक्सलचं पोकळ लोखंडी कवच, उघडं पडतं, त्यातूनच आधी आतल्या क्राऊन-पिनियनची (चाकं फिरवणाऱ्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीची) आणि पुढे अख्खं हौसिंग बदलायची कामं येत गेली. आज आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक्सल बदलायचाय.’ कुणाच्या मनात चाक फिरवणारा, नुसता तुटलेला शाफ्ट (दांडा) असतो, कुणाच्या मनात सगळं हौसिंग. अवजड गाडीत मागच्या शाफ्टवर वजन नसतंच. ते हौसिंग आणि हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बेअरिंगं पेलतात. म्हणून बोल्ट काढले की बहुतेक वेळा गाडी न उचलताही शाफ्ट ओढून घेता येतो. एवढ्यासाठी कुणी जुनं हौसिंग विकत घ्यायला निघाला असेल, तर त्याला थांबवणं हेही आमचंच काम, असं मी मानतो.

२०११ मध्ये एक दहाचाकी टिपर आला. मागचं हौसिंग तडकलेलं होतं. मालकाने जुन्या बाजारातून दुसरं आणलं होतं, त्यावरच्या माहितीच्या पट्टीवर हवा तोच रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे तो आकडा, होता. आम्ही पट्टी वाचली आणि बसवून दिलं. पंधरा दिवसांत गाडी टोचण करून परत आली. अशा गाडीला मधलं आणि मागचं अशी दोन हौसिंग असतात; मधल्यावरचं, दोन्हींना ताकद वाटून देणारं छोटं डिफरन्शियल जळून निळं पडलं होतं. आम्ही दोन्ही हौसिंग उघडून दात मोजले. मधल्याच्या क्राऊनला ४१ आणि पिनियनला ६, म्हणजे ६.८३. मागच्याला ३७ आणि ६, म्हणजे ६.१७. आधी कुणीतरी आतला जोड बदलून पट्टी तशीच ठेवली होती. रस्त्यावर सगळी चाकं सारखीच फिरतात, पण दोन हौसिंगना फिरवणाऱ्या दोन शाफ्टचे फेरे जुळत नव्हते. तो फरक ते छोटं डिफरन्शियल दिवसभर गरगर फिरून भरून काढत होतं. ते तर वळणापुरतं, थोडंसं फिरायला बनवलेलं असतं. सगळा खर्च वडिलांनी सोसला. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला अजून आठवतं.

तेव्हापासून सुटं हौसिंग आलं की आधी स्टँडवर चढतं. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र बांधणारी कळ) असेल तर ते सुटलंय का बघायचं. एक हब एकाने घट्ट धरायचा, दुसऱ्यावर आणि पिनियनच्या फ्लँजवर (बाहेरच्या चकतीवर) खडूची रेघ मारायची. मोकळा हब बरोबर दोन फेरे फिरवायचा आणि फ्लँजचे फेरे मोजायचे. तेवढाच रेशो. रेघ पावणेसातच्या थोडी पुढे थांबली तर ४१/६, सव्वासहाच्या थोडी अलीकडे थांबली तर ३७/६. पाच मिनिटांचं काम आहे.

मग टेप. पाट्यांच्या दोन बैठकांमधलं अंतर लोक मोजतच नाहीत, आणि नेमकं तिथेच अडतं. ‘बैठक कापून सरकवा, वेल्डिंग मारा’ असा आग्रह होतो. आम्ही ते करत नाही. उष्णतेनं हौसिंग वाकतं, आणि भरल्या गाडीखाली तडा तिथूनच जातो. चाकाचे स्टड (बोल्ट) आठ की दहा, दहाचे असतील तर वर्तुळ ३३५ मिलिमीटरचं आहे का, ब्रेक चेंबर पाट्याला लागतो का, शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) किती, हेही बघून घेतो.

रेशो निवडताना मात्र गाडी कुठे चालते हे आधी विचारतो. आंबा घाट, गगनबावडा करणाऱ्याला ६.८३ सोडू नका म्हणतो. हायवेला सलग पळणाऱ्याला ४१/७, म्हणजे ५.८६, डिझेलला बरा पडतो. फक्त त्यानंतर स्पीडोमीटर चुकतं, कारण बऱ्याच गाड्यांत त्याचं माप गिअरबॉक्सवरून येतं. ते दुरुस्त केल्याशिवाय गाडी सोडत नाही.

१६ जुलै २०१८ ला केंद्राने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली, तेव्हा जाड हौसिंग मागणाऱ्यांची रांग लागली. हौसिंग जाड झालं म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याचं, गाडीत परस्पर बदल करू न देणारं कलम ५२ समजावून कितीतरी जणांना आम्ही परत पाठवलं, काही कायमचे तुटले. त्याचं वाईट वाटतं, तरी पुन्हा तेच करेन.

येताना चेसिस नंबर, जुन्या हौसिंगचे चारही बाजूंचे फोटो आणि गाडी कुठल्या रस्त्याला चालते एवढं सांगा. पट्टीचा फोटोही पाठवा, पण फेरे आम्ही मोजणारच.