तुम्ही विचारलंत म्हणून : पत्रे आपल्या संगणकावर ठेवताना

मोबाइलवर मेल दिसतो, ब्राउझर उघडला तरी दिसतो. मग संगणकावर मेलसाठी वेगळा प्रोग्रॅम बसवायचा कशाला, आणि बसवायचाच म्हटले तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मला सोलापुरात कोणी ना कोणी नेहमी विचारते. विचारणाऱ्यांत टॉवेलचे कारखानदार असतात, शाळांचे गणवेश शिवून देणारे असतात, करसल्लागार असतात, आणि अलीकडे निवृत्त झालेले प्राध्यापकही असतात. मी वीस वर्षांहून अधिक काळ पूर्व भागातल्या एका कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे, आणि दर वेळी दाराशी उभ्याने दिलेल्या तुटक उत्तरापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की पत्रव्यवहार हा धंद्याचा दस्तऐवज आहे, आणि तो दुसऱ्याच्या कपाटात ठेवून आपल्याकडे किल्ली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. खाते काही कारणाने बंद पडले, पासवर्ड हरवला, पडताळणीचा संदेश ज्या जुन्या मोबाइल क्रमांकावर जातो तो क्रमांकच आता आपल्याकडे नाही, तर किल्ली निरुपयोगी होते आणि कपाट मात्र तिकडेच राहते. संगणकावरचा मेल प्रोग्रॅम पत्रांची एक प्रत आपल्या घरात आणून ठेवतो. त्याचे बाकीचे फायदे आहेतच, पण माझ्या लेखी हा पहिला.

ज्यांनी कार्यालयात आवक-जावक नोंदवही पाहिली आहे, त्यांना हा प्रोग्रॅम समजायला वेळ लागत नाही. येणारी पत्रे एका दाराने येतात, जाणारी दुसऱ्या दाराने जातात, आणि दोन्ही दारांची व्यवस्था स्वतंत्र लावावी लागते. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बहुधा आवकीचे दार नीट लागलेले असते आणि जावकीचे चुकलेले असते. जावकीची पद्धत सर्वत्र एकच, तिला एसएमटीपी म्हणतात. आवकीसाठी मात्र पॉप आणि आयमॅप असे दोन मार्ग आहेत, आणि सगळा विचार करायचा तो इथेच.

पॉपची कल्पना १९८४ सालची. संगणक थोडाच वेळ जोडलेला असे, म्हणून जोडणी करायची, साठलेली पत्रे उतरवून घ्यायची, सर्व्हरवरची, म्हणजे मेलची सेवा देणाऱ्याच्या संगणकावरची, काढून टाकायची आणि जोडणी तोडायची, असा तिचा रिवाज. आयमॅपची कल्पना १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी मांडली. तीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि आपण ज्या ज्या यंत्रावरून पाहू तिथे तेच चित्र दिसते. वाचलेले पत्र सगळीकडे वाचलेले दिसते, आणि पुसलेले पत्र सगळीकडून पुसले जाते.

या फरकाची किंमत आम्ही मोजली आहे. आमच्या कारखान्यात तेव्हा पॉप होते, आणि पत्र उतरले की सर्व्हरवरून काढून टाकायचे, अशीच खूण त्यात केलेली होती. २००९ च्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा संगणक सुरू झाला नाही. हार्ड डिस्क गेली होती. चार वर्षांची पत्रे त्या एका डिस्कवर होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. पुढच्याच महिन्यात एका जुन्या ग्राहकाने गेल्या वेळेसारखाच माल पाठवा असे लिहिले, आणि गेल्या वेळी बॉर्डर किती इंचांची ठरली होती हे आमच्यापैकी कोणालाही खात्रीने सांगता येईना. शेवटी त्याच्याच पत्रांच्या प्रती आम्हांला त्याच्याकडे मागाव्या लागल्या. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे पाहिले, ज्यात त्यांच्या वडिलांच्या काळापासूनच्या पत्रांच्या फायली वर्षवार लावलेल्या होत्या.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आयमॅप निवडायला सांगते. पॉप निवडण्याचे सबळ कारण असलेच, उदाहरणार्थ सर्व्हरवर जागा फारच थोडी असली, तर पत्रे सर्व्हरवर राहू द्यावीत ही खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, आणि तिच्या खाली किती दिवस राहू द्यावीत हा आकडा असतो तोही तपासावा.

प्रोग्रॅम कोणता, याला मी फार वेळ देत नाही. ज्यांच्याकडे पैसे भरून घेतलेले आउटलुक आहे त्यांनी ते वापरावे. बाकीच्यांना मी थंडरबर्ड सुचवते. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. तो मोफत आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि पत्रे ज्या साध्या स्वरूपात साठवतो ते उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येते. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो थंडरबर्ड डॉट नेट या त्याच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून घ्यावा.

गेल्या महिन्यात अण्णांच्या मुलाने मला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या नव्या शेडमध्ये बोलावले. आता कारभार तोच पाहतो. त्याचे कार्यालय मागांच्या शेजारीच आहे. दार लावले तरी खटखट आत येते, आणि कीबोर्डच्या फटींत रुईचे बारीक तंतू बसलेले असतात. मी त्याच्याच हाताने सगळे करवून घेतले, कारण दुसऱ्याने बसवून दिलेली गोष्ट बिघडली की आपण त्या दुसऱ्याची वाट पाहत बसतो. प्रोग्रॅम उघडल्यावर त्याने आपले नाव आणि जीमेलचा पत्ता लिहिला. सर्व्हरची नावे थंडरबर्डने स्वतःच शोधून समोर ठेवली. त्यात आयमॅप आहे याची खात्री करून तो पुढे गेला, तशी गूगलची खिडकी उघडली आणि पासवर्ड तिथे मागितला गेला.

“अक्का, हा पासवर्ड थंडरबर्डला दिला की गूगलला?” असे त्याने विचारले, आणि मला बरे वाटले, कारण हा प्रश्न पडायलाच हवा. तो गूगललाच दिला जातो. थंडरबर्डच्या हाती फक्त एक परवाना येतो आणि तो आपल्याला गूगलच्या खात्यातून केव्हाही काढून घेता येतो. २०२२ च्या मे अखेरीस गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी नुसत्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणे बंद केले, त्यामुळे जुन्या पुस्तिकांत वाचून पासवर्डाच्या चौकटीशी झगडणाऱ्यांचा वेळ वाया जातो. जो प्रोग्रॅम अशी खिडकी उघडू शकत नाही त्याच्यासाठी द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डासोबत दुसरी खूणही मागण्याची सोय, सुरू करून त्या प्रोग्रॅमपुरता सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घेता येतो. थंडरबर्डला त्याची गरज पडत नाही.

कंपनीच्या स्वतःच्या नावाचा पत्ता असेल, तर कधी कधी थंडरबर्डला व्यवस्था आपोआप सापडत नाही आणि ती हाताने भरावी लागते. तेव्हा ज्यांच्याकडून मेलची सेवा घेतली त्यांच्याकडून आवक आणि जावक अशा दोन्ही सर्व्हरांची नावे लेखी मागून घ्यावीत. आयमॅपसाठी सुरक्षित पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३, पॉपसाठी ९९५, आणि जावकीसाठी ४६५ किंवा ५८७ असते; सुरक्षेची पद्धत म्हणून ४६५ ला एसएसएल-टीएलएस आणि ५८७ ला स्टार्टटीएलएस अशी जोडी लावावी. वापरकर्त्याचे नाव म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो, नुसता पहिला भाग चालत नाही. बिनसुरक्षेचा पर्याय स्वीकारा असे कोणी सांगितले तर तसे करू नये, मग त्या दिवशी काम अडले तरी चालेल.

खाते जोडले की पहिल्या दिवशी धीर धरावा लागतो. मागची सगळी पत्रे उतरायला काही तास लागू शकतात, आणि तेवढ्यात लोक प्रोग्रॅम मंद आहे असा निष्कर्ष काढतात. संध्याकाळी घरी जाताना संगणक तसाच चालू ठेवावा. खात्याच्या सेटिंगमध्ये पत्रे या संगणकावर ठेवावीत अशी खूण असते. ती तशीच राहू द्यावी, कारण ती काढली तर प्रत घरात आणण्याचा मूळ हेतूच उरत नाही. जीमेलवाल्यांना ऑल मेल नावाचे फोल्डर दिसेल आणि प्रत्येक पत्र दोन दोन ठिकाणी आहे असे वाटेल. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबले असतात, आणि ऑल मेलमध्ये सगळे एकत्र असते म्हणून तसे दिसते. इनबॉक्समधली पत्रे अर्काइव्ह करण्याची, म्हणजे न पुसता बाजूला काढण्याची, सवय असेल तर ते फोल्डर ठेवावे लागते, कारण अर्काइव्ह केलेले पत्र, त्याला दुसरे लेबल नसेल तर, तिथेच सापडते.

बाकीच्या सेटिंगांपैकी दोन मी लगेच बदलायला लावते. थंडरबर्डमध्ये उत्तर मूळ पत्राच्या खाली लिहिण्याची सोय आधीपासून लावलेली असते. आपल्या ग्राहकांना उत्तर वर वाचायची सवय आहे, आणि त्यांना ते खाली दिसत नाही, म्हणून ते वर घ्यावे. दुसरे असे की पत्रात जोडणीचा उल्लेख आहे पण फाइल जोडलेली नाही, तर पाठवण्यापूर्वी हा प्रोग्रॅम हटकतो. कोणत्या शब्दांवर हटकायचे ती यादी आपल्याला वाढवता येते, आणि निर्यातदारांनी तीत इन्व्हॉइस हा शब्द घालावाच. बाहेरची चित्रे तो आपण परवानगी दिल्याशिवाय उतरवत नाही. ती अडवलेलीच राहू द्यावीत, कारण अनेक जाहिरातींच्या पत्रांत दिसूही नये एवढे चित्र असते आणि ते उतरले की पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला जाते. नेट नसतानाही पत्र लिहून नंतर पाठवण्यासाठी आउटबॉक्समध्ये ठेवता येते, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यात किती उपयोगाचे आहे ते वेगळे सांगायला नको.

फोल्डर किती करावेत याबद्दल माझे मत ठाम आहे : थोडेच. चाळीस फोल्डर करणारा माणूस दोन महिन्यांत ते भरणे सोडून देतो. प्रत्येक मोठ्या ग्राहकासाठी एक, बँकेसाठी एक, जहाज आणि कस्टमच्या कामासाठी एक, एवढे पुरे. नावे मराठीत दिली तरी चालतात. कोणाचे पत्र कुठे जावे याचे नियम फिल्टरमध्ये लिहून ठेवले की निवड आपोआप होते, पण पहिले पंधरा दिवस नियम लिहू नयेत, पत्रे हाताने लावावीत, म्हणजे कोणते नियम खरोखर लागतात ते कळते.

त्या दिवशी आम्ही निघणार तोच अण्णांच्या मुलाला एक वाद आठवला. ३० बाय ६० इंचांच्या, ५५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ५५० ग्रॅम वजनाच्या) टॉवेलांची रंगछटा मंजूर नमुन्यापेक्षा गडद आहे असे एका ग्राहकाचे म्हणणे होते, आणि नमुना मंजूर केल्याचे पत्र मोबाइलवर शोधून सापडत नव्हते. पत्रे अजून उतरत होती. आम्ही त्या ग्राहकाचे फोल्डर उघडले, वरच्या चौकटीत लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठी रंगवून पाठवलेला नमुना, हे शब्द टाकले, आणि यादीत सात पत्रे उरली. चौथे पत्र ते होते. त्यात ग्राहकाने तीन नमुन्यांपैकी बी हा नमुना, म्हणजे गडदच, स्वीकारल्याचे स्पष्ट लिहिले होते. अण्णांच्या मुलाने ते पत्र छापून घेतले आणि टेबलाच्या काचेखाली सरकवले.

राहिला प्रश्न प्रतीचा. आयमॅप हा आरसा आहे. आपण किंवा दुसऱ्या कोणी चुकून सर्व्हरवरचे फोल्डर पुसले तर आपल्या संगणकावरूनही ते जाते, म्हणून प्रोग्रॅम बसवला एवढ्याने पत्रे सुरक्षित झाली असे समजू नये. वर्ष संपले की त्या वर्षाची पत्रे लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे फक्त आपल्या संगणकावर असणाऱ्या फोल्डरांत, घ्यावीत, पण ओढून नेऊ नयेत, कारण ओढली की ती सर्व्हरवरून हलतात. कॉपी हाच पर्याय वापरावा. याशिवाय महिन्यातून एकदा थंडरबर्डचे पूर्ण प्रोफाइल फोल्डर, ज्यात त्याची पत्रे आणि सेटिंग असतात, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. हेल्पच्या यादीत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडले की ते फोल्डर कुठे आहे ते दिसते. प्रत घेताना थंडरबर्ड पूर्ण बंद असला पाहिजे, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फायली प्रतीत येतात. त्या फोल्डरात साठवलेले पासवर्डही असतात, तेव्हा डिस्क कुलपात ठेवावी आणि थंडरबर्डला प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांवरचे कुलूप, लावावा. अशा दोन डिस्का असाव्यात आणि दोन्ही एका छताखाली नसाव्यात. अण्णांच्या मुलाने एक घरी नेली आहे, आणि दुसरी त्याच लोखंडी कपाटात, आजोबांच्या फायलींच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे.