मेयॉनीज कुठलं वापरता?

जेवायला कुणी आलं आणि काकडी-गाजराच्या ताटलीत हिरवट पांढऱ्या डिपची वाटी ठेवली, की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ, "प्रमाण लिहून द्या ना." तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते. मी मेयॉनीज वापरत नाही. त्या वाटीत असतो तो चक्का, श्रीखंडाचाच, फक्त थोडा कमी टांगलेला.

अशा डिपमध्ये काय घालायचं याची चर्चा खूप होते, पण माझ्या अनुभवाने खरं काम आहे ते पाणी काढण्याचं. दह्यातलं पाणी, धुतलेल्या कोथिंबिरीवरचं पाणी, किसलेल्या काकडीचं पाणी. हे तिन्ही काढलंत तर कॉर्नफ्लोअर, चीज, मेयॉनीज यातलं काहीच लागत नाही.

दही फुल क्रीम दुधाचं घ्या, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तो ३ टक्के. फरक फक्त मऊपणाचा नाही. शेपू-कोथिंबिरीसारख्या पाल्यांचे बरेचसे सुगंधी अंश पाण्यापेक्षा स्निग्धात चांगले उतरतात, त्यामुळे पातळ दुधाच्या दह्यात तोच शेपू फिका लागतो. एक किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात ओट्यावर टांगलेलं दही गळता गळता आंबटही होत जातं. श्रीखंडाला आपण रात्रभर ठेवतो, इथे चार-पाच तास पुरतात. साधारण चारशे ग्रॅमच्या आसपास दाट, पण चमच्याने सहज फेटता येईल असा चक्का मिळतो. खाली जमलेल्या पाण्यात कणीक भिजवा, टाकू नका. गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या सुमारास डेअरीत तयार चक्का मिळतो. तोही चालतो, फक्त घेण्याआधी चव बघा, फार आंबट असेल तर घेऊ नका.

मेयॉनीजचा प्रश्न येतो तो बहुतेक अमेरिकेतल्या रँच नावाच्या पांढऱ्या, पाला घातलेल्या सॅलड ड्रेसिंगमुळे. ते स्टीव्ह हेन्सन नावाच्या माणसाचं. १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच, म्हणजे मोठं कुरण, घेतलं, त्याचं नाव ठेवलं हिडन व्हॅली. तिथल्या पाहुण्यांना त्याचं ड्रेसिंग इतकं आवडलं, की पुढे कोरड्या मसाल्याची पाकिटं टपालाने विकायला सुरुवात झाली. लोक घरी त्यात मेयॉनीज आणि ताक मिसळायचे. १९७२ मध्ये हा ब्रँड क्लोरॉक्स कंपनीने विकत घेतला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते ताक. रँचची ती ओळखीची आंबटसर चव तिथून येते, आणि आंबटपणा तर चक्क्यात मुळातच आहे. ग्रीसचं त्झात्झिकी आणि लेबनॉनचं लबने हेही गाळलेल्या दह्याचेच प्रकार.

आता प्रमाण. पाव किलो चक्का, दोन चमचे ताजी साय, बारीक चिरलेला पाला मूठभर, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा लहान चमचा मीठ, जाडसर मिरपूड. आधी चक्का आणि साय एकजीव होईपर्यंत हाताने फेटा. मिक्सर नको, त्यात चक्का पातळ होतो आणि पाल्याची चटणी होते.

पाल्यात माझी पहिली पसंती शेपूला. शेपूची भाजी समोर आली की ताट सरकवणारी माणसं हे डिप दोनदा वाढून घेताना मी पाहिली आहेत. कच्चा, गार, आंबट दह्यात बुडलेला शेपू निराळाच लागतो. फक्त रेशमासारखी पानं घ्या, जाड देठ भाजीला ठेवा. कोथिंबिरीचे कोवळे देठ मात्र जरूर घ्या, त्यात भरपूर स्वाद असतो. पुदिना सगळ्यात शेवटी आणि धारदार सुरीने. तो चेंगरला की काळा पडतो. धुतलेला पाला पंचावर पसरून पूर्ण कोरडा होऊ द्या, मगच चिरा.

गॅलरीत ओव्याच्या पानांची कुंडी असेल तर एक पान अगदी बारीक चिरून घाला. ओरेगॅनोला ज्या कार्व्हाक्रोल नावाच्या सुगंधी घटकामुळे वास येतो ते या मांसल पानातही असतं. दोन पानांच्या वर जाऊ नका, ते बाकी सगळ्यांना गिळून टाकतं. थंडीत ओल्या लसणाची पात आली की मी पाकळ्या घालतच नाही. पातीचा गोडसर तिखटपणा पाकळीला येत नाही.

लसणाचं थोडं तंत्र आहे. पाकळी ठेचली की पेशी फुटतात, त्यातले वेगळे राहिलेले घटक एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं, तो झोंबणारा तिखटपणा त्याचा. आंबटात ही क्रिया मंदावते. झणका हवा असेल तर लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. लहान मुलं खाणार असतील तर लिंबाच्या रसातच ठेचा, चव सौम्य राहते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडा जास्त पुदिना, एवढ्यावर डिप छान उभं राहतं.

बाकी बदल कशाबरोबर खाणार त्यावर ठरवा. वेफर्स खारट असतात, तेव्हा मीठ निम्मं. थालीपिठाबरोबर लसूण वाढवा. कबाबांना पुदिना आणि लिंबू. काकडी घालायची तर किसून, मीठ लावून, घट्ट पिळून, आणि तीही वाढायच्या वेळी.

झालेलं डिप तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या. सुका पाला वापरला असेल तर तीन-चार तास, त्याला भिजून फुलायला वेळ लागतो. वाढण्यापूर्वी पुन्हा चाखा, कारण गार झाल्यावर मीठ कमी जाणवतं. ताजा पाला आणि कच्चा लसूण आहे, तेव्हा फ्रिजमध्येही तीन दिवसांत संपवा. तिसऱ्या दिवशी उरलंच, तर त्यात चमचाभर तिखट आणि थोडी हळद घालून पनीर किंवा चिकनच्या तुकड्यांना चोळा आणि अर्ध्या तासाने तव्यावर टाका.