चाळीस टक्के कोणाच्या खिशातून?

न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. माझं गाव निफाड तालुक्यातलं, म्हणून कांदा पाठवणाऱ्या पार्ट्या आपसूक माझ्या टेबलावर आल्या. माल बंदरात पोचला म्हणजे निर्यात झाली, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. कस्टमच्या अधिकाऱ्याने ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ दिली की मगच तो माल सुटला. आम्ही तिला नुसतं एलईओ म्हणतो. ज्या दिवशी एलईओ, त्या दिवशीचा शुल्काचा दर, असं कायद्यातच आहे. कांद्याच्या बाबतीत या तरतुदीकडे आम्ही कधी वळून पाहिलं नव्हतं. कधी किमान निर्यातमूल्य यायचं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही, कधी सरळ बंदी यायची, पण निर्यातशुल्क हा प्रकार कांद्याने ऑगस्ट २०२३ पर्यंत पाहिलेलाच नव्हता.

१९ ऑगस्ट २०२३ ला शनिवार होता. संध्याकाळी अधिसूचना आली: कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ताबडतोब लागू, ३१ डिसेंबरपर्यंत. पूर्वसूचना नाही, आधी झालेल्या सौद्यांना सवलत नाही. बॅग भरून निघालेलो, तो परत खुर्चीत बसलो. पहिलं काम केलं ते कंटेनरची यादी काढून त्याचे तीन भाग करायचं. एलईओ मिळालेले एका बाजूला, ते सुटले. बंदराच्या आवारात पोचलेले पण एलईओ न झालेले दुसऱ्या बाजूला. आणि कसारा घाटाच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर असलेले तिसऱ्या बाजूला. दुसऱ्या भागातल्या काही कंटेनरची तपासणीसुद्धा झाली होती, फक्त ऑर्डर व्हायची राहिली होती. शेजारी-शेजारी उभे असलेले, एकाच मालकाचे दोन कंटेनर, एक शुल्काविना जाणार आणि दुसऱ्यावर साडेतीन लाख.

हा आकडा असा येतो. मोठ्या कंटेनरमध्ये साधारण २९ टन कांदा बसतो. बंदरापर्यंतची किंमत किलोला तीस रुपये धरली तर माल झाला आठ लाख सत्तर हजारांचा. त्याचे चाळीस टक्के म्हणजे तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. एका कंटेनरमागे निर्यातदाराला पंधरा-वीस हजार सुटले तरी तो खूश असतो. त्या रात्री पिंपळगावच्या एका पार्टीचा फोन आला. नेहमी मोठ्या आवाजात बोलणारा माणूस, तो हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, सौदा तर जुन्या भावाने झालाय. दुबईवाल्याला आता मी कोणत्या तोंडाने सांगू?” त्याने सांगून पाहिलंच. दुबईचं उत्तर एका ओळीत आलं: जुना भाव देता येत असेल तर पाठवा, नाहीतर आम्ही पाकिस्तानचा माल घेतो.

सोमवारी नागपंचमी होती. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, आणि इकडे मी यार्डात उभा होतो. अडकलेल्या मालापैकी एक कंटेनर परत न्यायचं ठरलं होतं, म्हणून तो उघडला. दार उघडताच उबट, आंबूस वास अंगावर आला. कांद्याला हवा लागते. यार्डात विजेचा प्लग न मिळाल्यामुळे त्या कंटेनरचा पंखा बंद पडलेला, आणि बाहेर ऑगस्टची दमट हवा. लाल जाळीच्या गोण्यांच्या वरच्या थरात माल अजून टणक होता. खाली हात घातला तर बोटांना ओल लागली. काही कांद्यांच्या मानेशी काळी बुरशी, काहींना बोटभर हिरवे कोंब. आमच्याकडे कांदा साठवायच्या चाळीतून काढलेला उन्हाळ कांदा बायका एकेक करून निवडतात, दाब दिला की आतून मऊ आहे का ते त्यांना अंगठ्याने कळतं. तितक्या निगुतीने भरलेला तो माल होता. हमालाने दोन गोण्या खाली उतरवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “साहेब, हा आता नाशिकला न्यायच्यासुद्धा लायकीचा राहिला नाही.”

त्याच रात्री गावाहून आण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला. एप्रिलपासून त्यांचा कांदा चाळीत पडून होता. दर महिन्याला घट होते, सड होते, तरी भाव येईल म्हणून ठेवलेला. आदल्या आठवड्यात भाव जरा हलला होता.

“हे चाळीस टक्के निर्यातीवर लावलेत ना? मग ते दुबईवालाच भरणार. आपल्याला काय फरक पडतो?”

टीव्हीवर बोलणारेही तसंच सांगत होते. मी आण्णांना हिशेब उलट्या बाजूने करून दाखवला. दुबईवाला तीसच्या वर जायला तयार नाही. तीसवर बारा रुपये शुल्क गेलं, राहिले अठरा. निवड, जाळी, हमाली, घट, बंदरापर्यंतचं भाडं मिळून सहा रुपये. राहिले बारा. म्हणजे जो निर्यातदार काल तुमचा कांदा चोवीसला घेत होता, त्याला आज बाराच्या वर बोली परवडत नाही.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आमच्याच ट्रॅक्टरवरून कापून घेणार.”

प्रत्यक्षात भाव बारावर येत नाही, कारण देशातही गिऱ्हाईक असतं. पण निर्यातदार लिलावातून बाजूला झाला की बोली लावणारे कमी होतात आणि उरलेल्यांना घाई राहत नाही. शुल्काची पावती निर्यातदाराच्या नावाने फाटते, पैसे मात्र त्याच्या खिशातून जातात ज्याला दुसरीकडे जाता येत नाही. दुबईवाल्याला पाकिस्तान आहे, निर्यातदाराला द्राक्षं आहेत, डाळिंब आहे. चाळीत कांदा सडू लागलेल्या शेतकऱ्याला दुसरं काहीच नाही.

सरकारने हे का केलं, तेही सांगितलं पाहिजे. त्या जुलैत किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता, टोमॅटोने शहरांत हाहाकार केला होता, आणि नोव्हेंबरात मध्य प्रदेश, राजस्थानसह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. १९९८ साली दिल्ली राज्याचं सरकार कांद्याने घालवलं, हे कोणताही पक्ष विसरलेला नाही. मीही पनवेलला कांदा विकत घेऊन खातो, महिनाअखेरीला भाजीचा खर्च घरात बोचतो. शहरातल्या बाईची तक्रार खोटी नव्हती. पण तिला स्वस्ताई द्यायची तर ती तिजोरीतून द्यावी. दुसऱ्या मतदाराच्या चाळीतून काढून देणं हा न्याय नव्हे, आणि तसं करताना ‘शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट’ हेही सांगत राहायचं, याचा मला आजही राग आहे.

२२ ऑगस्टला केंद्राने नाफेड वगैरे सहकारी संस्थांमार्फत आणखी दोन लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर केलं. लिलाव सुरू झाले. पुढचं सगळं झपाट्याने झालं. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर टनाचं किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला सरळ बंदी. बंदीच्या काळात माझं टेबल रिकामं असायचं. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातचा दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर जाऊ दिला, त्या दिवशी गावाकडून आलेले फोन मला आठवतात.

तोवर लोकसभेचा प्रचार सुरू झाला होता. मार्चमध्येच चांदवडच्या सभेत राहुल गांधींनी शेतमालाच्या आयात-निर्यातीचं स्थिर धोरण देऊ म्हणून आश्वासन दिलं होतं. सरकारने ४ मे रोजी बंदी उठवली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवलं. नाशिक आणि दिंडोरीत २० मे रोजी मतदान होतं. त्याआधी पंतप्रधानांची पिंपळगाव बसवंतला सभा झाली आणि गर्दीतून एक तरुण ओरडला, “कांद्यावर बोला!” दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार लाखाहून अधिक मतांनी पडल्या, नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांनी गमावली.

आण्णा मतदानाला गेले होते. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “चाळीस टक्क्यांचा हिशेब पाठ होता.”

सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क वीसवर आणलं. दोन महिन्यांनी विधानसभेला नाशिक जिल्ह्यात महायुतीने जवळपास सगळ्या जागा जिंकल्या. शेतकरी विसरला, असं काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. तोवर भाव चढले होते, इतर प्रश्न होते, आणि मत देताना माणूस फक्त कांदा घेऊन जात नाही.

१ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण गेलं. त्या दिवशी ऑफिसात आम्हाला वाटलं की जुने दिवस परत येतील. ते आले नाहीत. बांगलादेश स्वतःचा कांदा पिकवायच्या मागे लागला होता, आखातात पाकिस्तानच्या मालाने पाय रोवले होते. पिंपळगावच्या त्या पार्टीने दुबईच्या जुन्या गिऱ्हाइकाला भाव पाठवला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “मध्येच बंद नाही ना करणार?” पार्टीने तो प्रश्न माझ्याकडे पाठवला, जणू दिल्लीच्या वतीने मी उत्तर देणार होतो.

आता निवडणुकीत कोणी गावात आलं की आण्णा कर्जमाफीचं विचारत नाहीत. ते दोनच गोष्टी विचारतात: शुल्क लावायच्या आधी किती दिवस सांगाल, आणि ज्या मालाचा सौदा आधीच झालाय तो सोडाल की नाही. पहिल्या प्रश्नाला अजून कोणी दिवसांचा आकडा दिलेला नाही.