गुऱ्हाळात सापडलेला पॅसिव्ह व्हॉइस

आठवीला इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कर्मणी प्रयोग, मी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं शिकवला. 'रामाने आंबा खाल्ला' फिरवा. मुलं फिरवायची. कशासाठी, ते त्यांना कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही धड सांगता यायचं नाही.

करवीर तालुक्यातली आमची मराठी माध्यमाची शाळा. इंग्रजी पहिलीपासून, तरी तोंड उघडायला कुणी तयार नाही. म्हणून प्रकल्प दिला, 'माय कोल्हापूर'. सपशेल आपटला. रंकाळा, अंबाबाई, खासबाग यांचे चकचकीत तक्ते आले. मजकूर मोबाइलवरचा, अक्षर ताईचं. दोष माझाच. तक्ता मागितला, तक्ता मिळाला.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली, तेव्हा तक्त्याऐवजी प्रश्न दिला: 2014 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आपला गूळ कसा होतो, हे मराठी न येणाऱ्या पाहुण्याला समजावता येईल का? गुऱ्हाळावर टिपणं मराठीतच घेऊ दिली. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला उसाचा रस, त्यात पडणारा भेंडीचा चिकट रस, वर येणारी मळी, शेवटी ढेपा.

वर्गात वाक्यं सुरू झाली: गुळव्या हे करतो, गुळव्या ते करतो. एक मुलगी वैतागली, "मॅडम, दरवेळी गुळव्यामामाच कशाला? गुळाचं सांगायचंय न्हवं?" मी फळ्यावर लिहिलं, 'द ज्यूस इज बॉइल्ड.' पुढची चार वाक्यं मुलांनीच जुळवली.

मग मळीवरून भांडण. एका गटानं शोधून आणलं 'मोलॅसिस'. ज्याचे वडील साखर कारखान्यात आहेत तो उसळला, "ती कारखान्याची मळी! ही नव्हं!" अर्धा तास त्यात गेला. 'स्कम' ठरलं. काकवीला, म्हणजे गूळ होण्याआधीच्या दाट पाकाला, मात्र कुणी हात लावू दिला नाही. ती काकवीच राहिली.

सगळं गोड झालं नाही. गटात दोघं बोलायची, बाकीची मान डोलवायची. म्हणून कोण काय सांगणार ते ऐनवेळी चिठ्ठीवर ठेवलं. दोन धडे मागं पडले, ते शनिवारी जादा तास घेऊन भरून काढले.

सादरीकरणाला दुसऱ्या शाळेतल्या एक बाई 'पाहुण्या' म्हणून बोलावल्या. मराठीचा एक शब्दही काढायचा नाही, या अटीवर. त्यांनी विचारलं, भेंडी कशाला? चिठ्ठी निघाली होती वर्षभर गप्प बसलेल्या पोराची. "भेंडी इज स्टिकी. डर्ट स्टिक. डर्ट कम अप."

'स्टिक्स' आणि 'कम्स' हवं होतं. ते मी पुढच्या आठवड्यात सांगितलं.