शेडमध्ये लाईट लावायच्या आधी सावली कुठे पडते ते बघा

कऱ्हाडजवळ आमच्या घरामागच्या शेडचं काम आता पत्र्यापर्यंत आलंय. ३० फूट बाय २० फूट, कडेची उंची १२ फूट. पुढच्या १८ फुटांत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहणार आणि मागच्या १२ फुटांत माझं वर्कबेंच, वाईस, पिलर ड्रिल, ग्राइंडर, कंप्रेसर असा सगळा पसारा. वायरिंगचा विषय निघाला की जो येतो तो एकच सांगतो, मधल्या कैचीला (पत्रा पेलणाऱ्या तिरक्या सांगाड्याला) १०० वॉटचे दोन एलईडी फ्लडलाईट मारा, लख्ख उजेड पडेल, काम संपलं.

उजेड पडेल हे खरंच आहे, पण तो दोनच ठिकाणांहून येणार ना. गाडीचं बोनेट उघडून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. बहुतेक गाड्यांच्या बोनेटची बिजागरी काचेच्या बाजूला असते, बोनेट वर उचललं की ते पत्र्याची भिंत होऊन उभं राहतं आणि गाडीच्या टपावरून येणारा सगळा उजेड तिथेच अडतो. म्हणजे शेडच्या मध्यावर कितीही मोठा दिवा लावला तरी ज्या कार्बोरेटरवर मी वाकलोय तिथे अंधारच. इंजिनवर उजेड हवा असेल तर तो गाडीच्या नाकासमोरून आला पाहिजे. म्हणून माझं पहिलं ठरलं की गाड्या आत घालताना तोंड बेंचकडे करायचं, म्हणजे बेंचच्या बाजूच्या एलईडी पट्ट्या इंजिनलाही उपयोगी पडतात, एकाच खर्चात दोन कामं.

बेंचचंही तसंच. पट्टी डोक्याच्या मागे आली की स्वतःचीच सावली कामावर पडते आणि मग माणूस मान वाकडी करून फाईल मारत बसतो. लाईन बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर पाहिजे, म्हणजे उजेड हातांच्या पुढून आणि दोन्ही बाजूंनी येतो. आणि म्हणूनच मला फ्लडलाईटपेक्षा ४ फुटी बॅटन, म्हणजे ट्यूबसारख्या लांब एलईडी पट्ट्या, आवडतात, लांब पट्टीची सावली मऊ पडते, कडा पुसट होतात, एका ठिपक्यातून येणाऱ्या उजेडाची सावली मात्र चाकूने कापल्यासारखी असते, त्यात स्क्रूची खाच दिसत नाही.

आता किती लावायच्या ते. हिशोब अवघड नाहीये, दुकानात जायच्या आधी घरी बसून करा. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात. मागचा कामाचा भाग २० बाय १२ म्हणजे २४० चौरस फूट, साधारण २२ चौरस मीटर. बारीक काम करायचं तर तिथे ५०० लक्स तरी हवेत, म्हणजे कामाच्या पातळीवर ११ हजार लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड खाली पोचत नाही, काही भिंती खातात, काही पत्रा खातो, पुढे वर्षभरात धूळ बसते ती वेगळीच. मी भिंती-पत्र्यासाठी ०.६ आणि धुळीसाठी ०.८ असे दोन आकडे धरले, त्यांचा गुणाकार ०.४८, म्हणजे निम्मा उजेड वाटेत गेला असं समजायचं. त्यामुळे दिव्यांतून २३ हजार लुमेन निघायला हवेत. ३६ वॉटची बॅटन वॉटला १०० लुमेनने ३,६०० देते, अशा ६ लावल्या की २१,६०० झाले, उरलेलं बेंचवरच्या हलत्या दांडीच्या दिव्यावर सोडलं. गाड्यांच्या बाजूला एवढं लागत नाही, १५० लक्स पुष्कळ झाले, तिथे २० वॉटच्या ६ बॅटन. एकूण ३३६ वॉट. सगळं चालू ठेवलं तरी ३ तासांत एक युनिट.

गाड्यांच्या बाजूच्या ६ बॅटन गाडीच्या टपावर लावायच्या नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. टपावरचा दिवा टप उजळवतो आणि दरवाजे अंधारात राहतात. एक लाईन डाव्या भिंतीकडे, एक दोन गाड्यांच्या मधे, एक उजव्या भिंतीकडे, प्रत्येकीत दोन. असं केलं की दरवाजावरचा ओरखडा, चाकाच्या कमानीतला गंज, उंबऱ्याच्या पट्टीखालचा चिखल सगळं दिसतं. गाडी ठेवायची जागा म्हणजे नुसती पार्किंग नाही, येता जाता नजर फिरली पाहिजे तिच्यावरून, गंज असाच सुरुवातीला सापडतो.

लाईटच्या आधी रंग. पांढरी भिंत ७०-८० टक्के उजेड परत टाकते, तोच गडद रंग बराचसा गिळून टाकतो. भिंतींना पांढरा डिस्टेंपर आणि पत्र्याला आतून पांढरा रंग यावर जो खर्च होईल तो दोन जास्तीच्या बॅटनपेक्षा सत्कारणी लागतो असं माझं ठाम मत आहे, कारण परत आलेला उजेड सगळीकडून येतो आणि गाडीच्या खालच्या अंगापर्यंत पोचतो. जमिनीचा कोबाही शक्य तितका फिकट ठेवा.

दिव्याच्या रंगाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण याकडे कुणी बघतच नाही. आपल्याकडे दुकानात मागाल तर ६५०० केल्विनचा निळसर पांढराच हातात पडतो (केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). मी ४००० सांगितलाय, ऑर्डर देऊन मागवावा लागतो पण रात्री तासन्‌तास काम करायचं तर डोळ्यांना बरा. आणि केल्विनपेक्षाही महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, जास्तीत जास्त १००. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि वर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्या निळ्या एलईडीसाठीच तर आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. पण निळ्यापासून बनवल्यामुळे स्वस्त दिव्यांत लाल रंग कमी पडतो. याचा त्रास कुठे होतो? वायरिंगमध्ये. लाल, तपकिरी आणि नारिंगी वायर जुन्या गाडीत धुळीने आधीच मळलेली असते, त्यात लाल कमी असलेला उजेड पडला की तिन्ही सारख्याच दिसायला लागतात. रंगाचा टचअप मॅच करतानाही तेच. म्हणून बेंचवर आणि गाडीच्या नाकावर ९० सीआरआय, बाकी ठिकाणी ८० चालेल. केल्विन मात्र सगळीकडे एकच ठेवा, अर्धी शेड निळी आणि अर्धी पिवळी असली की रंगाचा अंदाजच येत नाही.

आता उष्णता. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याला खालून हात लावून बघा. बॅटन थेट पत्र्याला किंवा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) चिकटवली तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, त्या भट्टीत दिवसभर भाजत राहतं, दिवा बंद असला तरी. एलईडीची चिप सहसा जात नाही, आधी जातो तो ड्रायव्हरमधला कपॅसिटर, आणि त्याचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्यामुळे सगळ्या पट्ट्या पर्लिनपासून साखळीने खाली, जमिनीपासून १० फुटांवर. वरून हवा खेळते, बदलायला सोपं, आणि उजेडही कामाच्या जवळ येतो.

व्होल्टेजचं तर गावाकडे विचारूच नका, पंप बंद झाले की एकदम चढतं. खोक्यावर इनपुटची रेंज वाचा, १४० ते ३०० व्होल्ट लिहिलेली बॅटन घ्या, सर्ज (विजेचा क्षणिक झटका) किती केव्हीपर्यंत, म्हणजे किती हजार व्होल्टपर्यंत, झेलते तेही बघा, आणि डीबीमध्ये (सगळ्या एमसीबींच्या पेटीत) एक सर्ज प्रोटेक्टर बसवाच.

फ्लिकरची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ड्रायव्हर हलका असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण फिरणारा ड्रिलचा चक किंवा लेथचा जॉब ठराविक वेगाला थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा दिसू शकतो आणि माणूस हात घालतो. जुन्या कारखान्यांत ट्यूबच्या लाईन म्हणूनच तीन वेगवेगळ्या फेजवर वाटून टाकायचे, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी मंद होत नाहीत. घेताना दुकानातच मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ लावून दिवा बघा, उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

वायरिंगमध्ये माझा एकच हट्ट आहे. लाईट आणि मशीन कधीही एका एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) नको. ग्राइंडरवर जास्त लोड आला, एमसीबी पडला आणि त्याच क्षणी लाईटही गेली, तर वीज गेली तरी डिस्क अजून फिरतेय आणि तुम्ही गुडुप अंधारात. लाईटचे दोन वेगळे सर्किट, १.५ चौरस मिमीची वायर, मशीनला जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी. पत्र्याची शेड म्हणजे सगळा सांगाडाच लोखंडाचा, त्यामुळे अर्थिंग पक्कं आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), यात तडजोड नाही. लाईटसाठीही आरसीसीबी वेगळा घेतलाय, कारण गळतीने मशीनचा आरसीसीबी पडला तरी उजेड राहिला पाहिजे. दोन बॅटन इन्व्हर्टरवर, एक बेंचची आणि एक शटरजवळची.

शटरजवळच्या लाईनला सेन्सर हवा होता, हातात सामान असताना बटण कोण शोधणार. पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता ओळखतो, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधली हवाच अंगाइतकी तापते तेव्हा तो मंद होतो. मी तरीही पीआयआरच घेतोय, कारण मायक्रोवेव्हवाला पातळ पार्टिशनच्या पलीकडचीही हालचाल पकडतो आणि लाईट उगाच लागत राहते. मात्र मशीनच्या भागात सेन्सर अजिबात नाही. काम करताना माणूस दोन दोन मिनिटं स्थिर उभा असतो, तेवढ्यात लाईट गेली तर बोट जाईल.

गाडीखाली बघायला चुंबकाचा चार्जिंगवाला हँडलॅम्प ठेवलाय. २३० व्होल्टचा बल्ब वायरला लोंबकळवून गाडीखाली नेऊ नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगतच साचते.

आणि शेवटची खरेदीची गोष्ट. प्रत्येक बॅटनला वर थ्री पिन सॉकेट देतोय, म्हणजे एखादी गेली तर शिडी लावून आपणच बदलू शकतो, वायरमनची वाट बघायला नको. त्याच लॉटच्या दोन जास्तीच्या बॅटन आताच घेऊन ठेवणार, पुढच्या वर्षी त्याच कंपनीची तीच पट्टी आणली तरी रंग थोडा वेगळा निघतो.