निकालाचा दिवस

आज १ मे. झेंडावंदन झालं, राज्यगीत झालं, प्रगतिपत्रकं वाटली आणि वर्ष संपलं. देवगड तालुक्यातली आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. (ऑनलाइन माहिती भरायला तिसरा कोण, ते मात्र कायद्यात नाही!)

वर्णनात्मक नोंदी लिहिताना चौथीतल्या एकापाशी अडकले. फळ्यावरच्या भागाकाराला वर्षभर हटून बसलेला पोरगा. एकदा वैतागून विचारलं, "बांगडे चारशे रुपये शेकडा, तर शंभर रुपयांचे किती?"

"पंचवीस!" आणि वर लगेच, "पण बाई, शंभराचे कोण देता? वाटो घेवचो लागतलो."

हे कुठल्या रकान्यात बसवू? शेवटी 'व्यवहारातील गणित उत्तम' लिहून सही ठोकली.

जून-जुलैत मासेमारी बंद, बाप घरी, पोरं वेळेवर. ऑगस्टात होड्या सुटल्या की हजेरी डळमळते, आणि गणपतीत मुंबईचे मामा आले की पाढे गेलेच!

चौथीची पोरं आता एसटीने मोठ्या शाळेत जाणार. पालक खूश, मला पटसंख्येची धास्ती. पहिलीसाठी वाडीवाडीत फिरायला उद्यापासूनच निघायचंय. खालच्या वाडीतल्या एका आजीने तर आधीच निरोप धाडलाय, "बाईनू, नातू येतलो, पण खिचडीत मिरची कमी घाला."