तुम्ही विचारलंत म्हणून : महागड्या बॅगेचा कार्बन खरंच कमी होतो का?

लाखालाखांच्या बॅगा विकणाऱ्या कंपन्या आपलं कार्बन उत्सर्जन अर्ध्यावर आणू म्हणतात, ते खरं असतं का? मी काय काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. साकीनाक्याच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये मी हिशेब बघते. आमचे कारागीर अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर आरीने, म्हणजे आकड्याच्या सुईने, मणी, टिकल्या, जरी भरतात आणि ते कापड युरोपातल्या ब्रँडांकडे जातं. ते ब्रँड दरवर्षी कार्बनचा फॉर्म पाठवतात, तो मी भरते. माझं उत्तर असं : खरं असू शकतं, पण लक्ष्य कशात मोजलंय ते आधी बघा.

उत्सर्जन तीन कप्प्यांत मोजतात. स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं : कातड्यासाठी पाळलेली गुरं, लोकर, रेशीम, कातडी कमावणाऱ्या टॅनरी, वाहतूक, आणि आम्ही. चैनीच्या वस्तूंच्या कंपन्यांत या तिसऱ्या कप्प्यातच बहुतेक सगळा कार्बन असतो. त्यामुळे पॅरिसमधल्या दुकानाचे दिवे सौरऊर्जेवर आणले अशी बातमी आली तर ती चांगलीच आहे, पण मूळ प्रश्नाला तिने फारसा हात लागत नाही.

आता लक्ष्यांकडे या. गुचीची मालक कंपनी केरिंग हिने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की तिन्ही कप्पे मिळून एकूण उत्सर्जन २०३५ पर्यंत, २०२१ च्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी करू. एकूण टन. आता एर्मेस या दुसऱ्या महागड्या बॅगांच्या कंपनीचं २०३० चं लक्ष्य बघा. स्कोप १ आणि २ मध्ये एकूण ५०.४ टक्के घट, पण स्कोप ३ मध्ये ५८.१ टक्के घट ही धंद्यातल्या पैशाच्या प्रमाणात, म्हणजे कमावलेल्या दर युरोमागे, दोन्ही २०१८ च्या तुलनेत. ५८ हा आकडा ४० पेक्षा मोठा दिसतो. पण धंदा दुप्पट झाला, तर हे लक्ष्य पूर्ण करूनही स्कोप ३ चं एकूण उत्सर्जन जेमतेम १६ टक्क्यांनी उतरतं. शिवाय या बाजारात किमती वाढतच असतात. तीच बॅग, तेच कातडं, तोच कारखाना. नुसती किंमत वाढली तरी दर युरोमागचा कार्बन कागदावर कमी होतो. हवेला यातलं काही कळत नाही, तिला फक्त टन कळतात. म्हणून एकूण टनांचं लक्ष्य घेणाऱ्या कंपनीबद्दल मला जास्त आदर आहे. तिथेही नजर ठेवावी लागते : २०२४ मध्ये केरिंगची विक्री १२ टक्क्यांनी घसरली. माल कमी विकला गेला की उत्सर्जन उतरतंच. त्यात प्रयत्नांचा वाटा किती आणि मंदीचा किती, हे अहवालात वेगळं मांडलेलं असलं पाहिजे.

आमच्या टोकाला काय होतं ते सांगते, कारण मुंबईचा यात वाटा आहे. ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर दिओर या फ्रेंच ब्रँडचा फॅशन शो झाला. त्यातलं भरतकाम इथल्याच चाणक्य इंटरनॅशनलचं होतं. हे हातकाम जगभर मिरवतं, पण त्याचा स्वतःचा कार्बन फार थोडा असतो. ट्यूबलाइट, पंखे, इस्त्री. देशातल्या ग्रिडवर विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशेबाने आमच्या लाइट बिलातून निघणारा आकडा कपड्याच्या एकूण आकड्यात शोधावा लागेल. तरी फॉर्ममधले सर्वांत जास्त प्रश्न लाइट बिलावर असतात. छतावर सोलर लावा, असंही सुचवलं जातं. गाळा भाड्याचा, छत सोसायटीचं, आणि खर्चात ब्रँडचा वाटा नाही.

खरा कार्बन आमच्याकडून निघतो तो सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गोतून. विमानाने नेलेल्या मालाचं किलोमागचं उत्सर्जन जहाजाच्या कितीतरी पट असतं. आणि माल विमानाने का जातो? सॅम्पल मंजूर व्हायला उशीर होतो, मण्याचा रंग शेवटच्या आठवड्यात बदलतो, डिलिव्हरीची तारीख मात्र हलत नाही. मग कारागीर रात्रपाळी करतात आणि पेट्या विमानात चढतात. डिझाइनचा निर्णय वेळेत झाला तर तोच माल न्हावा शेव्याहून बोटीने जाऊ शकतो. लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या बोटींना दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, तेवढे धरूनच वेळापत्रक आखावं लागेल, एवढंच. यात सोलर नाही, गुंतवणूक नाही. कारागिरांची झोपही वाचेल, आणि मला ती गोष्ट कार्बनइतकीच महत्त्वाची वाटते.

म्हणून आता फॉर्मसोबत मी न मागितलेलं एक पान जोडते : कोणती ऑर्डर विमानाने गेली, तिची मंजुरी ठरलेल्या तारखेनंतर किती दिवसांनी आली, आणि ती बोटीने गेली असती तर किती किलो कार्बन वाचला असता. एका ब्रँडच्या मर्चंडायझरने, म्हणजे आमच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या माणसाने, ते पान वरिष्ठांकडे पाठवलं आणि पुढच्या हंगामाच्या मंजुरीच्या तारखा आमच्याकडून आधीच मागवल्या. बाकीच्यांना मी पाठवत राहणार आहे.